बाहुल्यांच्या ओळीतली वनजा

मित्रांनो, मी म्हैसूरची एक जुनी लाकडी राणी आहे. राज्य वगैरे काही नाही बरं का! एका कारागिराने मला आणि माझ्या राजाला रक्तचंदनातून कोरलं, आणि नर्मदाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने आम्हां दोघांना पाठराखीण म्हणून लेकीबरोबर धाडलं. इकडे तशी रीतच आहे. कानडीत बाहुलीला गोंबे म्हणतात, आणि आम्ही पट्टाचे गोंबे, म्हणजे सगळ्यांत मानाचे.

नर्मदाबाईंचे यजमान नागोजीराव महाराजांच्या घोडदळात दफेदार. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात काढल्यामुळे बोलण्यात निम्मं कानडी. नवरात्रात एका कोपऱ्यात भवानीचा घट बसे आणि समोर फळ्यांच्या पायऱ्या रचून त्यांवर आम्ही बाहुल्या. वर्षभर जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत टाकत, तेव्हा मला कुत्रं विचारत नसे. पण नवरात्रात माझा तोरा बघावा! गल्लीतल्या पोरी "गोंबे कूर्सिदीरा?" म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, असं ओरडत यायच्या, गाणं म्हणायच्या आणि खाऊ घेऊन पळायच्या.

वनजा ही नर्मदाबाईंची एकुलती एक लेक. दुधाचे दात पडायला लागले होते, पण अंगात मस्ती म्हणून नाही. मधूनच एका जागी अशी शांत बसायची की बायकांनी बोटं तोंडात घालावीत. नर्मदाबाई फुलून जायच्या. "आमची वनजा बघा कशी सुम्ने बसते!" सुम्ने म्हणजे उगी, गप्प. हा शब्द त्या इतक्यांदा म्हणायच्या की मला पाठ झाला.

पण मी वरच्या पायरीवर बसते, मला सगळं दिसतं. एकदा वनजा गाता गाता मध्येच थांबली. डोळे माझ्याकडे होते, पण ती मला बघत नव्हती. रंगवलेले डोळे कसे दिसतात ते मला विचारा, शेजारी राजा बसलेला असतो! तिच्या पापण्या तेवढ्या फडफडत होत्या. मग एकदम पुढचंच कडवं तिने म्हणायला घेतलं. बायका हसल्या. नर्मदाबाईंनी मात्र सगळ्यांदेखत तिला झापलं, "लक्ष कुठंय गं तुझं?" पोर गोंधळून बघत राहिली.

नागोजीरावांची थोरली बहीण गिरिजाबाई सणाला आली होती. जेवताना वनजाचा घास तोंडाशी जाऊन अडला, हे तिने पाहिलं. बायका पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "नर्मदा, हे बरं लक्षण नव्हे. दवाखान्यात दाखव. फेफऱ्यासारखं काही नसेल ना?"

"वन्सं, हात जोडते, तो शब्द घरात काढू नका! पोरीचं लग्न व्हायचंय. कुणी ऐकलं तर दारात कोण उभं राहील?"

गिरिजाबाईने विषय तिथेच सोडला. पण नर्मदाबाईंची झोप उडाली. खरं म्हणजे त्यांनाही शंका होतीच, तीच त्यांना खात होती. मग त्यांनी एक युक्ती काढली. वनजाला जरीचं परकर-पोलकं घालून त्यांनी आमच्या पायऱ्यांशेजारी पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "आपण खेळ खेळू. पाहुण्या आल्या की तू गोंबे व्हायचंस. हलायचं नाही, बोलायचं नाही. हललीस की हरलीस." म्हणजे पोरीचं भान हरपलं तरी कुणाला कळायला नको! अय्यो, काय ती अक्कल!

खेळ चांगला चालला. बायका येत, वनजाची हनुवटी धरत, कौतुक करत. नर्मदाबाई हसत, पण नजर लेकीवरून हलत नसे.

नवमीला आमची आरती होती. कुणीतरी हौसेने निरांजन वनजाच्या हातात दिलं. गाणं सुरू झालं, आणि तिचा हात मध्येच थांबला. निरांजन कलंडलं. कढत तूप तिच्या मनगटावर ओघळलं. पोर हूं नाही की चूं नाही.

"अय्यो, किती सोशिक लेकरू!" एक बाई म्हणाली.

आणि नर्मदाबाई, सांगतानाही मला कसंतरी होतं, सवयीने हसल्या.

मग वनजाच्या पापण्या लवल्या आणि ती किंचाळली. निरांजन पायरीवर आदळलं. नर्मदाबाई धावल्या. वनजाने भाजलेला हात छातीशी धरला होता, पण ती बघत होती आईच्या तोंडाकडे.

"आई, मी हलले का गं? रागावू नकोस ना, मला कळलंच नाही."

नर्मदाबाईंनी पाण्याचं घंगाळं जवळ ओढलं. लेकीचा हात पाण्यात धरून, भरल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीला फेफरं येत असावं. ती सुम्ने बसत नव्हती. मला ठाऊक होतं, मी लपवलं." दोघीतिघी पदर सावरून उठल्या आणि कुंकू न लावून घेताच निघून गेल्या. नर्मदाबाईंनी मान वर केली नाही.

संध्याकाळी नागोजीरावांना हे कळलं. हाकेला उत्तर दिलं नाही म्हणून त्यांनी पूर्वी एकदा वनजाला उन्हात उभं केलं होतं, ते त्यांना आठवलं. ते म्हणाले, "घोडा जरा लंगडला तर मी खाली उतरून खूर बघतो. आणि ही घरची पोर..."

दुसऱ्याच दिवशी गिरिजाबाईला बरोबर घेऊन नर्मदाबाई दवाखान्यात गेल्या. फेफऱ्याचाच एक प्रकार असावा, असं डॉक्टर म्हणाले. अंग झटकत नाही, फक्त भान जातं. नक्की सांगायला काही काळ लक्ष ठेवावं लागेल. त्यांनी खारट औषध दिलं.

परत आल्यावर आम्हांला पेटीत ठेवता ठेवता नर्मदाबाई रडू लागल्या. "वन्सं, डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून होतंय? काय सांगू? मी तिचं कौतुक करतेय, तेव्हापासून!"

मित्रांनो, आज माझा रंग उडालाय, राजाचं नाक तुटलंय. आम्हांला जपलंत तर आनंदच आहे, नाही जपलंत तरी आम्ही लाकडंच. पण घरातलं मूल बोलता बोलता थांबलं तर त्याला झापू नका आणि शाबासकीही देऊ नका. जवळ जा, त्याचा हात धरा आणि ते परत येईपर्यंत तिथेच बसा. मग ते काय विचारतं, ते ऐका.