छपराचं बोलावणं

हाल्वरने झारी उपडी करून उरलंसुरलं पाणी लाद्यांच्या शेवटच्या ढिगावर शिंपडलं. काल दुपारी त्याच्याच कुरणातून यंत्राने मातीसकट कापून काढलेल्या हिरवळीच्या लाद्या अंगणात कमरेइतक्या उंच रचून ठेवल्या होत्या. दक्षिणेकडून कोमट वारं सुटलं होतं. हे वारं तासाभरात ओल्या चादरी वाळवतं, तिथे चार बोटं मातीची काय कथा. तो पुन्हा नळाकडे निघाला.

परांचीवर उभी राहून सीग्रुन वळचणीचा ओंडका तपासत होती. छपरावरची सगळी माती या एका ओंडक्याच्या आधाराने थांबायची होती, म्हणून त्याला धरून ठेवणारे लाकडी आकडे ती एकेक करून हलवून बघत होती. घराचं हे नवं रूप कागदावर तिनेच आणलं होतं. वय तिशीच्या आतबाहेर, आणि गवती छपराचं हे तिचं पहिलंच घर.

"काका, सात वाजून गेले," ती वरून म्हणाली. "माणसं किती येणार म्हणालात?"

"येतील."

"किती, ते विचारलं मी."

"पंधरा जणांची लापशी केलीय," हाल्वर म्हणाला आणि नळ सोडला.

लापशी खरोखरच केली होती. आंबट सायीची, काल संध्याकाळी, तळाला जराशी लागलेली. कॉफीचे चार थर्मास भरून ठेवले होते. ढकलगाड्यांच्या चाकांना तेल घातलं होतं, शिड्या दोन्ही बाजूंना लावल्या होत्या. तयारीत कशाची म्हणून उणीव नव्हती. फक्त त्याने कुणाला बोलावलं नव्हतं.

नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या या वरच्या खोऱ्यात बाकी सगळ्याला फोन चालतो. गाय अडली, गाडी बंद पडली, पोराला शाळेतून आणायचं राहिलं, फोन करा. छपरावर हिरवळ चढवायची असली, तर मात्र घरातल्या माणसाने शेजारच्या सातही घरांच्या दारात जायचं, टोपी काढायची आणि तोंडाने सांगायचं. सांगितल्याशिवाय कुणी येत नाही. यात अढी कसली नसते. न बोलावता जाणं म्हणजे त्या घराला आपलं आपण निभावता येत नाही असं तोंडावर म्हणणं, आणि तसं म्हणण्यापेक्षा इथला माणूस घरी बसून तळमळणं पत्करतो.

हाल्वर चाळीस वर्षं या सातही घरांच्या छपरांवर राबला होता. सुतार तो, सगळ्यात आधी पोचायचा आणि सगळ्यात शेवटी निघायचा. पण दारात उभं राहून काही मागायचं म्हटलं की त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्याच्या घरात बोलण्याचं खातं गुन्वोरकडे होतं. निरोप, आमंत्रणं, आभार, रुसलेल्याची समजूत, सगळं बायकोने करायचं आणि याने मागे उभं राहून मान डोलवायची. ऑक्टोबरात ती गेली, तेव्हा घराची वाचाच गेली.

या आठवड्यात तो बोलावणं करायला तीनदा निघाला होता. पहिल्यांदा आस्लॉगच्या फाटकापाशी उभं राहून तिचं कुंपण बघून परतला. दुसऱ्यांदा ताल्लेवच्या गोठ्यापर्यंत गेला, आणि त्याला जुनाच एक पाना परत देऊन आला. तिसऱ्यांदा ढग आले होते. पाऊस काही पडला नाही, पण ढग आले होते हे खरं.

तो झारी भरत भिंतीजवळ थांबला आणि सवयीने त्याने फळ्यांवर तळवा टेकवला. अठ्ठ्याहत्तर साली याच भिंतींवर त्याने स्वतःच्या हाताने सिमेंटचे करडे पत्रे ठोकले होते, वर टिनाचं छप्पर. देखभाल नको, रंग नको, सोय झाली. गुन्वोर गवती छपराच्या घरात वाढलेली, तरी पंचेचाळीस वर्षं तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त पाऊस आला की वर बघून म्हणायची, डब्यात खिळे खुळखुळवतंय कुणीतरी. गेल्या वर्षी वसंतात दवाखान्यातून तपासण्यांचे कागद आले, आणि दुसऱ्याच दिवशी तिने सीग्रुनला फोन लावला. मला भिंतीला लाकूड पाहिजे आणि डोक्यावर गवत, म्हणाली. मग दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून फळीची रुंदी किती यावरून तास तास भांडल्या.

आता त्या फळ्या लागल्या होत्या. उभ्या, पाइनच्या, झाड जंगलात उभं असतं तशा बुंध्याकडचं टोक खाली करून, गाभ्याची बाजू बाहेर. लाकडातून काढलेल्या डांबराचा पहिला हात परवाच बसला होता आणि घराला उन्हात तापलेल्या जंगलाचा वास येत होता. रोज सकाळी भिंतीला हात लावला की हाल्वरला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत. मानायचे कसे ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो हात लावून ठेवायचा.

सीग्रुन शिडीवरून खाली आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"काका, खरं सांगा. कुणाकुणाला सांगितलंत?"

हाल्वरने बंद असलेला नळ आणखी घट्ट केला.

"लोक कामात आहेत. कापणीचे दिवस."

"कापणीला तीन आठवडे आहेत. मी शहरातली असेन, पण कॅलेंडर मलाही वाचता येतं."

तो झारी उचलायला वाकला.

"म्हणजे कुणालाच नाही," ती म्हणाली. रागावली नव्हती, पण चेहरा पडला. "काका, ही माती आज वर गेली नाही तर उद्या हातात भुगा येईल. कुरणात दुसरी एवढी दाट हिरवळ नाही, ती उगवायला पुढचा उन्हाळा लागेल. आणि पाणी अडवायला वर अंथरलेली बर्च झाडाची साल बघा, उन्हाने आत्ताच वळायला लागलीय. वजन पडलं नाही तर फाटेल. सगळं पहिल्यापासून. मी करते फोन."

"तू या घरची नाहीस," हाल्वर म्हणाला, आणि बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं. "म्हणजे तसं नव्हे."

"तसं नव्हे, ते कळलं मला."

"चढवतो मी. होईल तेवढं."

त्याने एक लादी खांद्यावर घेतली. ओल्या मातीचं वजन चांगलंच होतं, आणि तो चौऱ्याहत्तरचा. दक्षिणेच्या उतारावर त्याने ती गवताची बाजू खाली करून सालीवर ठेवली. पहिला थर पालथा, दुसरा उताणा, एवढं तर त्याला झोपेतही आलं असतं. मग तो खाली उतरला, घराला वळसा घालून उत्तरेच्या शिडीवर चढला, आणि तिथे तशीच दुसरी ठेवली. एकाच उतारावर भार पडला तर अख्खा सांगाडा झुकतो. म्हणून तर दोन्हीकडून दोन टोळ्या लागतात, एकीने ठेवली की दुसरीने ठेवायची. हाल्वर दोन्ही टोळ्या एकटाच झाला होता. थोडा वेळ बघून सीग्रुननेही मुकाट्याने एक लादी उचलली.

आठ वाजेपर्यंत इकडे नऊ झाल्या, तिकडे नऊ. अंगणात सहाशेच्या वर होत्या.

"काका," सीग्रुन वरून म्हणाली. "ते खाली काय चाललंय?"

हाल्वरने मान वळवली. उताराखाली आस्लॉगचं अंगण होतं. पायरीवर ती, तिचा मुलगा आणि सून ओळीने बसली होती. तिघांच्या पायांत रबरी बूट, हातांत कामाचे मोजे. बाजूला ढकलगाडी आणि दोन फावडी भिंतीला टेकवलेली. पलीकडच्या घरी ताल्लेव ट्रॅक्टरवर बसला होता. मागे ट्रॉली जोडलेली, इंजिन बंद.

"कामाला का लागत नाहीत?" सीग्रुनने विचारलं. "मी मघाशीही बघितलं. तशीच बसलीत."

हाल्वर बराच वेळ बघत राहिला. जूनच्या अशा कोरड्या शनिवारी या खोऱ्यात कुणी रबरी बूट आणि हातमोजे घालून पायरीवर बसत नाही. मग तो शिडी उतरला. नळावर हात धुतले, पुन्हा धुतले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"जरा येतो," तो म्हणाला.

आस्लॉग एक्याऐंशीची होती आणि तिच्या तिखट तोंडाला अख्खं खोरं बिचकून असायचं. हाल्वरला येताना बघूनही ती उठली नाही. मुलगा आणि सून आपापल्या बुटांकडे बघत बसली.

"वारं सुटलंय," हाल्वर म्हणाला.

"सुटलंय खरं."

"बटाटा बरा दिसतोय तुमचा."

"बरा आहे."

"कुंपणही चांगलं..."

"कुंपण तू मंगळवारी बघून गेलास," आस्लॉग म्हणाली. "फाटकातूनच. तेव्हापासून ते काही बदललं नाही."

सुनेने तोंडावर मोजा धरला. हाल्वरने टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरून त्याने तिच्या आतल्या शिवणीकडे बघत एका दमात म्हटलं, "छपरावर हिरवळ चढवायचीय. मला एकट्याला जमत नाही. याल का?"

मुलगा उठून ढकलगाडीकडे गेलासुद्धा. आस्लॉग गुडघ्यांवर हात देत हळूहळू उभी राहिली.

"काल तुझ्या अंगणात लाद्या दिसल्या, आज साडेसहापासून बसलोय इथे," ती म्हणाली. "गुडघ्यांची पार लाकडं झाली माझ्या. अरे, काही माणुसकी आहे का तुला?"

"मग यायचं होतं की."

"कसं येणार? शब्द दिला होता."

"कुणाला?"

आस्लॉगने त्याच्याकडे निरखून बघितलं. त्याला खरंच ठाऊक नाही हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिचा आवाज उतरला.

"गुन्वोर आली होती सप्टेंबरात. तूच आणलं होतंस तिला."

आणलं होतं. दोन दिवसांत सात घरं. ती काठी टेकत आत जायची आणि तो बाहेर गाडीत बसून राहायचा, इंजिन चालू ठेवून. तिला निरोप घ्यायचे असतील, असं त्याला वाटलं होतं, आणि ते बघवणार नाही म्हणून तो उतरलाच नव्हता.

"सातही घरी बोलावणं करून गेली ती," आस्लॉग म्हणाली. "छपराचं. टोपी नव्हती तर डोक्यावरचा रुमाल काढला. घरातलीच होती, तेव्हा बोलावणं तर तेव्हाच पोचलं. पण वर म्हणाली, हाल्वर स्वतः दारात येईपर्यंत एकानेही पाऊल टाकायचं नाही. कुणी आगाऊपणा केलाच तर मी वरून बघून घेईन, म्हणाली. तुम्ही आपणहून गेलात, तर मी गेल्यावर हा माणूस कुणाचा उंबरा चढायचा नाही. एकटा कुढत बसेल, असं तिचं म्हणणं."

हाल्वरच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती.

"आणि आलोच नसतो तर?"

"विचारलं की मी. म्हटलं, गुन्वोर, तो मेला तरी यायचा नाही. तुझं गवत वाळून जाईल."

"मग?"

"'वाळू दे,' म्हणाली."

हाल्वरने कुंपणाचा खांब धरला. पंचेचाळीस वर्षं तिने टिनाखाली काढली, शेवटच्या वर्षी एक गवताचं छप्पर मागितलं, आणि तेही तिने याच्यासाठी पणाला लावलं. आभार मानायला समोर गुन्वोर नव्हती, म्हणून तो आस्लॉगला म्हणाला, "आभारी आहे." मुलाला म्हणाला, सुनेला म्हणाला, आणि मग आस्लॉगला पुन्हा एकदा म्हणाला.

"पुरे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू वर जा आणि पाणी मार त्या लाद्यांवर. उरलेल्या सहा घरी मी फोन करते, सगळे तयारच आहेत."

"नको," हाल्वर म्हणाला. "पाणी तुम्ही मारा. घरं मी करतो."

ताल्लेव ट्रॅक्टरवरून उतरून आपल्या दारापाशी उभा होता. हाल्वरच्या उघड्या डोक्याकडे बघून त्याला सगळं उमगलं असावं, पण तसं त्याने दाखवलं नाही. हाल्वरने सांगायचं ते सांगितलं, आणि या खेपेला ते पुष्कळ सोपं गेलं. ताल्लेवने मान हलवली आणि रीत म्हणून, नकार गृहीत धरून विचारलं, "घोटभर कॉफी?"

"चालेल," हाल्वर म्हणाला, आणि त्याच्या आधी पायरी चढला.