मागे राहिलेला आवाज

मी एक जुनी संगणक प्रणाली आहे. मित्रांनो, यंत्राला जागं करणारी, त्याच्याकडून काम करून घेणारी ती मी. मला स्वतःचं अंग नाही. मला लिहिणारी माणसं देशोदेशी विखुरलेली आहेत आणि त्यांनी माझं सारं लिखाण उघडं ठेवलं आहे. कुणीही ते वाचावं, सुधारावं, निराळ्या यंत्रासाठी पुन्हा बांधावं. म्हणून मी मोठ्या यंत्रात राहते, तशी तळहाताएवढ्या डबीतही राहते.

जळगावच्या पिंप्राळ्यात युवराजने मला अशाच एका डबीत बसवलं. ती त्याला भुसावळच्या भंगारात सापडली होती. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, आतली चिप कुणाच्या ओळखीची नाही. त्याने माझं लिखाण घेऊन त्या चिपला मानवेल असं बांधलं. पडदा उजळला तेव्हा त्याची आई लिलाबाई म्हणाली, "भंगारमा दिवा लागना वं माय."

लिलाबाई माहेरची धुळ्याकडची. शाळा तिने पाहिली नव्हती. युवराजने तिच्यासाठी बातम्या वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि स्वतःच्या आवाजाचे बारीक तुकडे त्यात भरले. ती बटण दाबायची, की त्याचाच आवाज एका चालीत वाचू लागायचा.

"शाळामा बी असाच वाचे," ती चिडवायची.

"मग तूच शीक ना वाचायला, आई."

"मी शिकनू ते तू काय करशी?"

त्याची बहीण वृषाली, तीही संगणकातली जाणकार, चाळीसगावला सासरी. ती सांगायची, या प्रोग्रॅमचं मूळ लिखाण सगळ्यांसाठी उघडं ठेव. तो म्हणायचा, "अजून कच्चं आहे गं. लोक हसतील. नीट झालं की ठेवतो."

ते त्याच्या लॅपटॉपवरच राहिलं. डबीत होता तो तयार प्रोग्रॅम, त्या एका चिपपुरता.

मग युवराज आजारी पडला. दवाखान्यातून तो परत आला नाही. गेलेल्याच्या नावाने दान करायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या वडिलांनी, आधारनानांनी, तो लॅपटॉप एका शिकणाऱ्या मुलीला दान दिला. वस्तू स्वच्छ करून द्यावी म्हणून दुकानातून आधी त्यातलं सगळं पुसून घेतलं. चांगल्या मनानेच केलं. प्रोग्रॅमचं मूळ लिखाण कुठे आहे, असं वृषालीने विचारलं तेव्हा उशीर झाला होता. नाना दारात बसून राहिले, त्या दिवशी जेवले नाहीत.

ते लिखाण पुसलं गेल्याचं लिलाबाईला कुणी सांगितलं नाही. ती रोज बटण दाबायची. एकच बातमी पुन्हा पुन्हा लावायची. बाजारभाव असो की नाटकाची जाहिरात, तिला सारखंच.

यंदाच्या उन्हाळ्यात डबी जळाली. आतलं मेमरी कार्ड तेवढं वाचलं, युवराजच्या प्रोग्रॅमसकट. भुसावळच्या भंगारात तशी दुसरी डबी मिळाली नाही. वृषालीने एक जुना लॅपटॉप आणला आणि मी त्यात सहज नांदू लागले. युवराजचा प्रोग्रॅम मात्र उघडेना. त्याला जुन्या चिपचीच बोली कळत होती आणि नव्या चिपसाठी पुन्हा बांधायला त्याचं मूळ लिखाण उरलं नव्हतं. शेवटी वृषालीने तो आणि नवी चिप यांच्यामध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवला. जुन्या चिपचं बोलणं तो नव्या चिपला समजावत होता, पण फार सावकाश.

लिलाबाई पदर सावरून पुढ्यात बसली. आवाज आला. एक अक्षर, मग घरघर, मग अर्धं अक्षर. मी माझ्याकडची सगळी ताकद त्याला दिली. ती पुरली नाही.

लिलाबाईने पडद्यावर हात ठेवला.

"बंद कर वं बेटा," ती म्हणाली. "त्याले दम लागस. दवाखानामा असाच बोले."

वृषालीने बंद केलं. त्यानंतर त्या घरात कुणी तो लावला नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही घडवाल. ते कच्चं असेल, हसण्याजोगं असेल, तरी त्याचं मूळ कुणाच्या तरी हाती देऊन ठेवा. मला अनोळखी माणसांनी आजवर सांभाळलं. युवराजला सांभाळायला तर त्याचं घर होतं, फक्त त्या घराच्या हाती मूळ नव्हतं.