फाटकाचा हिरवा

ऑस्वल्डला परस्त्रीचा नाद असता, तर निदान चार लोक माझ्या बाजूने बोलले असते. त्याला नाद आहे बॉम्बचा, आणि तोही खोट्या. महायुद्धात शिपायांना रणगाडे उडवायला शिकवताना पोटात दारूचा कणही नसलेले बॉम्ब देत, ते हा माणूस जमवतो. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत ते मांडून ठेवलेत, त्यामुळे पाहुणे येत नाहीत. तेवढा एक फायदा.

गावात असल्या रिकामटेकड्यांचा क्लबही आहे. दर उन्हाळ्यात गावच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरतं. एका बाजूला बॉम्ब, दुसऱ्या बाजूला आम्हा बायकांचा चहा आणि लोणी लावून खायचे स्कोन-पाव. बक्षिसाचा कप दरवर्षी अध्यक्ष पिनक स्वतःच घरी नेतात.

खोट्या बॉम्बच्या पोटात आरपार भोक पाडलेलं असतं. आत काही नाही, हे आंधळ्यालाही कळावं म्हणून. ते भोक बुजवणं हे क्लबात महापाप. बुजवणाऱ्याची हकालपट्टी ठरलेली. यंदा कपाच्या हावेपायी ऑस्वल्डने नेमकं तेच केलं. सगळ्यात लाडका बॉम्ब घेतला, माझ्या केकच्या भांड्यात पुट्टी कालवली, भोक लिंपलं, वर रंग दिला आणि हॉलमधल्या टेबलावर मांडून पाटी लावली, ‘भोक न पाडलेला दुर्मिळ नमुना’.

पिनकांनी बॉम्बला नाक लावून तो सगळीकडून न्याहाळला. मग हळूच दोन पावलं मागे सरले.

“भोकच नाही, तर हा खोटा कशावरून?”

हा प्रश्न आमच्या विद्वानाला सुचलाच नव्हता.

पोलीस आले. हॉल रिकामा झाला, सगळा गाव क्रिकेटच्या मैदानावर जाऊन उभा राहिला. मी स्कोनचं ताट बाहेर आणलं होतं, त्यामुळे कुणाची फारशी तक्रार नव्हती. मग लष्कराची गाडी आली. त्यातून उतरलेली कॅप्टन आमच्या मुलीच्या वयाची होती. तिने आत जाऊन पाहिलं आणि सांगितलं, खात्री देता येत नाही, शेतात नेऊन उडवून टाकू.

ऑस्वल्डचा चेहरा उतरला. त्या बॉम्बसाठी त्याने उभ्या इंग्लंडातले जुने बाजार पालथे घातले होते. तोंड उघडलं तर क्लब जाणार, मिटलं तर बॉम्ब जाणार. तो तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा राहिला. मला त्याची दया आली. राग नंतर आला.

मी कॅप्टनकडे गेले आणि सांगितलं की भोक मीच बुजवलं, त्यात धूळ साचते, पुसायला त्रास होतो. शेपटीच्या वर टोचून बघा.

सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. मग ती पाटी कशी लागली, हेही कुणी विचारलं नाही. बायको म्हणजे असलं काहीतरी करणारच, याबद्दल क्लबात कधी मतभेद नव्हते. कॅप्टनने आत जाऊन सुईने टोचलं, पुट्टी गळून पडली, पलीकडचा उजेड दिसला. ती बॉम्ब हातात घेऊन बाहेर आली.

पिनकांनी ऑस्वल्डच्या खांद्यावर हात ठेवला. “फार सोसलंस रे बाबा.”

इथे त्याने गप्प बसायला हवं होतं.

“काय करणार,” ऑस्वल्ड उसासा टाकून म्हणाला, “हिच्यापुढे घरात एक वस्तू धड राहत नाही. कळत तर काहीच नाही.”

मी हातातलं ताट गवतावर ठेवलं. कॅप्टन कागदावर काही लिहीत होती. तिने सहज विचारलं, वरून रंग कुठला लावलात?

सदतीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार केलाय. त्याला कुठे दुखतं ते मला पाठ आहे.

“फाटकाचा हिरवा,” मी म्हणाले. “डब्यात उरला होता तो.”

ऑस्वल्डच्या मानेची शीर फुगली. त्याने ओठ आवळले. मला वाटलं, जमतंय की काय याला.

“फाटकाचा?” तो ओरडला. “सैन्याचा खाकी हिरवा आहे तो! त्यात तीन थेंब तपकिरी घालावा लागतो, चार घातले की वाया! चार वेळा खरवडून पुन्हा दिलाय मी!”

पिनकांनी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

घरी जाताना गाडी मी चालवली. तो बॉम्ब मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या रंगावरून बोट फिरवत म्हणाला, “तुला माहीत होतं तो फाटकाचा नाही ते.”

“हो,” मी म्हणाले. “तीन थेंब मीच मोजून दिले होते ना.”