रिकामी बस

गावातली माणसं कमी होत गेली तशी बसही वरच्या साहेबांच्या डोळ्यांत खुपू लागली. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, आणि त्यातही बहुतेकदा ड्रायव्हर-कंडक्टर दोघंच गप्पा मारत यायचे. एक दिवस कंडक्टरने शिलाईवाल्या काकूंना सांगितलं, की प्रवासी असेच राहिले तर बस गावात येणार नाही, मोठ्या रस्त्यावरूनच माघारी फिरेल.

काकूंच्या मनात आधी सून आली. सुनेला आठवा लागला होता. मुलगा शहरात कारखान्यात, घरी यायचा तो सुट्टीपुरता. मोठ्या रस्त्यापर्यंतची चढाची वाट पोरगी कशी चालणार?

त्या दिवशी काकूंचं मशीनवर लक्ष लागेना. त्यांनी बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. शेवटी कात्री टाकून उठल्या आणि घरोघर फिरून आल्या. काम असो वा नसो, पाळीपाळीने बसमध्ये बसायचं, हे त्यांनी सगळ्यांच्या गळी उतरवलं. नवरा गुडघ्याला तेल चोळत म्हणाला, की सगळं गाव उठवून बसवणारी ही पहिलीच बाई.

बाकीचे पाळीने जात, काकू मात्र रोज सकाळी. खिडकीशी बसून काजं-बटणं करायच्या, शहरात उतरल्या की स्टँडभोवती एक चक्कर मारायच्या आणि परत फिरायच्या. घरी असल्या तरी कान रस्त्याकडेच. भाजी चिरता चिरता उठून दारात येत, पुन्हा आत जात. सून म्हणायची, आई, जरा टेका. पण टेकलं की त्यांना वाटे, आज संध्याकाळची बस रिकामीच गेली असणार.

एका सकाळी तपासनीस चढला. बस भरलेली होती. पुढच्याच सीटवर म्हातारे गवंडीबुवा बसले होते. कुठे चाललात, असं त्याने विचारलं.

"परत यायला," बुवा म्हणाले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तपासनिसाला हसू आलं, पण त्याच्या लक्षातही आलं. तो काकूंकडे वळला. "म्हणजे तुम्ही सगळे उगाच फिरताय?"

"उगाच कोण फिरेल, साहेब?" काकूंचा हात सुईवरच थांबला. "बस गेली की उरलेलेही जातील. मग तुम्हीच म्हणाल, तिथे माणसंच नव्हती."

 तिकिटं पाहून तो पुढच्या थांब्यावर उतरला. थोड्याच दिवसांत कंडक्टर सांगत आला, की तूर्त फेरी चालू राहणार.

दिवस भरत आले तशी सून त्याच बसने शहरात निघाली. काकू तिच्या पाठीशी उशी धरून बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत सून हळूच म्हणाली, "आई, बाळाला घेऊन आम्ही तिकडेच राहायचं म्हणतोय. त्यांनी खोली बघितलीय."

काकूंनी उशी नीट केली.  मग खोलीत ऊन येतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

नात झाली. काकूंनी तिला मांडीवर घेतलं, अंगडं घातलं, दोनदा काढून गाठ सैल करून पुन्हा घातलं. मुलाने आग्रह धरला: बाबांनाही बोलावून घेऊ, मशीन इथेच लावू, तिकडे आता आहे कोण?  पण दुपार कलली तशी काकू पिशवी शोधू लागल्या.

"आजच्या दिवस तरी राहा," सून म्हणाली.

"उद्या सकाळी परत येते ना," असं म्हणत त्यांनी नातीला तिच्या कुशीत दिलं आणि त्या स्टँडकडे निघाल्या. बस लागलेली होती. आत गवंडीबुवा एकटेच बसले होते. काकू त्यांच्या शेजारी न बसता मागच्या खिडकीशी जाऊन बसल्या, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला पुढेही माणूस दिसावं आणि मागेही.