ओंजळ धरणार नाही

बनाबाईनं जन्मात कधी फादरचा शब्द खाली पडू दिला नव्हता. नवरा पुंजाजी गोरेगावच्या आसपासच्या ख्रिस्ती घरांत पोरांना धर्म शिकवायचा. तो गेल्यावर ते काम तिनं अंगावर घेतलं. पहिला धडा हाच, की फादर सांगतील ते ऐकायचं. दुसरा, वर्षातून एकदा, ईस्टरला तरी, फादरकडून पवित्र भाकरीचा तुकडा, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायचाच. चुकवला तर पाप. आता हे दोन धडे एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि मध्ये सापडली होती बनाबाई.

सत्त्याण्णव साली फादर रविंद्र आले. उंचेपुरे, शिकलेले, बनाबाईच्याच समाजातले. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: प्रसादाला कोणी गुडघे टेकायचे नाहीत, तो जिभेवर घ्यायला तोंड उघडायचं नाही. उभं राहून हात पुढं करायचे, प्रसाद हातात घ्यायचा. "पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला वाकवलं," ते म्हणाले, "आता देवापुढंही ताठ उभं राहा." माणूस वाईट नव्हता. पण वाईट माणसाशी भांडता तरी येतं; चांगल्या माणसाच्या हट्टाला औषध नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बनाबाई मात्र दर रविवारी गुडघे टेकून बसायची आणि फादर दर रविवारी तिला टाळून पुढं जायचे.

ईस्टरच्या सकाळी सून सत्यशीला काकुळतीला आली. "आत्याबाई, आजच्या दिवस हात करा पुढं. काय जातं तुमचं?"

"माझंच जातं," बनाबाई म्हणाली, आणि देवळात जाऊन बसली गुडघ्यावर.

फादर तिच्यापुढं थांबले. हलक्या आवाजात म्हणाले, "उभ्या राहा, बनाबाई. फादरचं ऐकावं असं तुम्हीच शिकवता ना पोरांना?"

"शिकवते. आन् ऐकतबी आले. एवढं मातर न्हाई ऐकणार."

"का पण?"

"लहानपणी पाटलाच्या हिरीवर आमी असेच उभे राहायचो, फादर. उभेच! ओंजळ धरायची, आन् पाटलीण वरून पाणी सोडायची. बोटाला बोट लागू द्यायची न्हाई." बनाबाईचा आवाज चढला, सगळं देऊळ ऐकू लागलं. "मग ते जुने गोरे फादर आले. त्यांनी सोताच्या हातानं माझ्या तोंडात प्रसाद घातला. बोट ओठाला लागलं, तं मीच भिऊन मागं सरले. ते न्हाई सरले. त्या दिवसापासून मी कोणापुढं ओंजळ धरली न्हाई. आन् आता तुमी, आपल्यातलं लेकरू, मला पुन्हा धर म्हणता?"

फादर काही बोलणार असं वाटलं. पण मागं अख्खी रांग उभी होती, आणि दिलेला हुकूम भर देवळात गिळणं कोणाला जमतं? "नियम सगळ्यांना सारखा," ते पुटपुटले आणि पुढं सरकले.

बनाबाईचे डोळे भरले. ईस्टर असून ती प्रसादावाचून उपाशी राहिली होती, पापाची धनी झाली होती, आणि ते तिला लागलं होतं. तरी मिस्साची उपासना संपेपर्यंत ती हलली नाही.

बाहेर आल्यावर सत्यशीलानं तिला हात दिला. "आता काय करायचं, आत्याबाई?"

"काय करायचं? पुढच्या ऐतवारी यायचं, गुडघे टेकायचे, तोंड उघडायचं." बनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "उंच माणूस हाय बाई, वाकायला वखत लागायचाच."