उलटा प्रश्न

मास्तरांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं, आणि ठकीनं ठरवलं होतं की आपण ते होऊ द्यायचं नाही. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं होतं, पण मास्तर तिला ठकी म्हणायचे आणि तेच चिकटलं. ती कपडे शिवायची. वडील एकदा गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले, तेव्हा तिनं आपलं शिलाई मशीन उचललं आणि सरळ त्यांच्या बाहेरच्या खोलीत आणून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "गेलेलं परत येणार नाही. आहे ते मात्र काही दिवस टिकवता येईल. त्यांना जे चांगलं येतं, त्याची रोज उजळणी घ्या."

आता मास्तरांना काय चांगलं येतं, हे का कुणी सांगायला हवं? उभा जन्म त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. वेग, बल, घनता, दाब. आणि ठकीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शास्त्राच्या मास्तरांची मुलगी शास्त्रातच नापास, म्हणजे लोकांना आयती करमणूक. दिव्याखाली अंधार, असं तिच्यादेखत बोललं जायचं. मास्तर स्वतः एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी तिला शिकवायचंच सोडून दिलं, आणि ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

तर या ठकीनं जुनी पाठ्यपुस्तकं पैदा केली आणि पन्नाशीला टेकलेली असताना अभ्यासाला लागली. सकाळचा चहा झाला की मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, ती मशीनवर. एक गणित तिनं घालायचं, एक त्यांनी.

"वस्तुमान दोन किलो, त्वरण तीन. बल किती?"

"सहा," ठकी म्हणायची.

"सहा काय? सहा शेळ्या?"

"सहा न्यूटन."

"हं. एकक नाही तर उत्तर नाही."

उत्तर बरोबर आलं तरी मास्तरांचा विश्वास बसायचा नाही, ही त्यांची जुनी खोड. लगेच तोच प्रश्न ते उलटा घालायचे. बल सहा न्यूटन, वस्तुमान दोन किलो, काढा आता त्वरण. "पाठ केलेलं आणि कळलेलं वरून सारखंच दिसतं," ते म्हणायचे. "उलटं विचारलं की पोपट गप्प बसतो." सुरुवातीला ठकी रोज पोपट ठरायची. मग एकदा इस्त्री उचलताना तिला एकदम उमगलं की वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं, आणि ती एकटीच हसत उभी राहिली. हे शाळेत का नाही झालं माझ्याच्यानं, असं तिला वाटलं.

मास्तर जेवलो की नाही ते विसरत. शर्टाची बटणं वरखाली लावत. पण उजळणीत मात्र बोट ठेवायला जागा नाही. बोलताना ते तिला मधूनच 'बाई' म्हणायला लागले होते, पण शिकवायच्या थाटात आलेत म्हणून ठकीनं ते हसण्यावारी नेलं. मूळ धरून ठेवलं की झाड पडत नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं.

पुढच्या तपासणीला ती अगदी ऐटीत गेली.

"आज वार कोणता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मास्तर खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिले.

"बरं, महिना?"

"ते तुमच्याकडे कुठेतरी लिहिलेलं असेल की."

"शंभरातून सात वजा करा."

"त्र्याण्णव," मास्तर झटकन म्हणाले. "पण त्र्याण्णव काय? एकक सांगितलं नाहीत तुम्ही."

डॉक्टरीणबाई हसल्या. ठकीही हसली. पोराचा पहिला नंबर आल्यावर आईची मान होते तशी तिची मान ताठ झाली होती.

"आणि या कोण, तुमच्यासोबत आल्यात त्या?"

मास्तरांनी ठकीकडे वळून पाहिलं. मोठ्या मायेनं पाहिलं.

"या होय? या माझ्याकडे शिकायला येतात. आधी फार कच्च्या होत्या, पण मेहनती आहेत हो. पास होतील."

हेच ऐकण्यासाठी शाळेत असताना ठकी देव पाण्यात घालून बसली होती. आज ते ऐकायला मिळालं, तेही कुणा परक्या बाईबद्दल. तिनं पर्समधला रुमाल काढला आणि उगाचच त्याची घडी मोडून पुन्हा घातली.

निघताना डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जे घोटून घेतलंत ते टिकलंय. तुम्ही काही चुकला नाहीत."

कशी नाही चुकले? रस्ताभर वडिलांचा हात धरून चालताना ठकीच्या मनात दुसरं काही येईना. वेग घोटला, घनता घोटली. आईचा फोटो त्या खुर्चीच्या डोक्यावरच होता, ही कोण म्हणून एकदा तरी विचारलं का? आणि स्वतःचं तर तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलीची का कुणी उजळणी घेतं? घरी येऊन तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि मोरीत नळ सोडून पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून पहिला धडा बदलला. "मी तुमची मुलगी. ठकी," ती म्हणाली.

"बरं," मास्तर अदबीनं म्हणाले. नवी व्याख्या ऐकावी तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. ती रोज सांगत राहिली आणि ते रोज मान डोलवत राहिले. मग एका सकाळी मशीनमध्ये दोरा ओवता ओवता तिनं विचारलं, "मी कोण?"

"मुलगी."

"नुसतं मुलगी काय? कुणाची?"

मास्तर अडखळले. खडूची धूळ झटकावी तशी त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"माझी. माझी मुलगी. ठकी."

आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती नजर ठकीच्या चांगलीच ओळखीची होती. पाठ केलेलं उत्तर म्हणून झाल्यावर, बरोबर आलं की नाही हे मास्तरांच्या चेहऱ्यावर शोधत तीही अशीच उभी राहायची.

आता तोच प्रश्न उलटा घालायचा राहिला होता. तुमची मुलगी हल्ली कुठे असते हो, एवढंच विचारायचं. ते तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"पैकीच्या पैकी, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं वेगाचं गणित घातलं.