यादीत नसलेला प्रश्न

हाडाचा मास्तर घरी बसला की घराचाच वर्ग होतो. सर निवृत्त झाले आणि दूध उतू गेलं तरी सायीखाली वाफ कशी कोंडते ते सांगायला लागले. "अहो, वाफेचं नंतर, आधी फडकं द्या!" म्हणत बायकोने हात टेकले. मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली की ते बाळालाही खुळखुळा खाली का पडतो ते समजावत. बाळ तोंडात मूठ घालून ऐके. तेवढाच काय तो श्रोता.

पण शाळेच्या वेळेला सर इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत उभे राहत. रस्त्याने दप्तरं निघाली की शेवटचं दप्तर वळेपर्यंत बघत. मुलीने ते पाहिलं होतं. तिनेच बातमी आणली.

"बाबा, मुलांना गणित-विज्ञान कसं कळतं, यावर एक संशोधन चाललंय. मुलाखती घ्यायला साठीच्या पुढची माणसं हवीत. या वयात नवं काम कसं जमतं, तेही त्यांना बघायचंय."

"म्हणजे मुलांचा अभ्यास, आणि माझाही?"

"जाल ना?"

"पिंजऱ्यात बसवलं तरी जाईन!"

संशोधन करणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्याच वयाच्या निघाल्या. लहानशी खोली, गोल टेबल, त्यावर रेकॉर्डर.

"सर, नियम एकच. यादीतलेच प्रश्न विचारायचे. बरोबर-चूक सांगायचं नाही, मान हलवायची नाही, शाब्बास तर नाहीच. आपण शिकवलं की रेकॉर्डिंग वाया. मग मुलाच्या डोक्यातलं कळतच नाही, आपलंच आपल्याला ऐकू येतं. आजची मुलाखत नीट झाली तर सोमवारपासून रोज या."

सरांना त्यातला 'रोज' तेवढा ऐकू आला. "तोंडाला कुलूप," ते म्हणाले.

शाळेतली एक छोटी मुलगी आत आली. अर्ध्या नखांचा रंग उडालेला, बुटाची नाडी सुटलेली. सरांनी तिच्यापुढे आलेख ठेवला. उभ्या बाजूला घरापासूनचं अंतर, आडव्या बाजूला वेळ. रेघ वर चढत होती, थोडी सपाट जात होती, मग खाली येत होती.

"या माणसाने काय केलं?"

"डोंगर चढला," मुलगी ठासून म्हणाली. "इथे वर बसून दम खाल्ला. मग उतरला."

सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हाच तो डोंगर! दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी त्यावर चढलेलं असायचं, आणि दरवर्षी ते खडू उचलून तो सपाट करायचे. पोरांना तो डोंगर का दिसतो, हे मात्र त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"तुला असं का वाटलं?" हा यादीतला प्रश्न.

"रेघ वर जाते ना! वर म्हणजे वर." मग ती थबकली. कपाळाला आठी पडली. "पण मग खाली वेळ कशाला लिहिलाय?" आणि तिने सरांकडे पाहिलं.

कळायच्या अगदी काठावर आलेलं मूल असं बघतं. शाळा सुटल्यापासून सरांकडे तसं कोणी बघितलं नव्हतं.

"मग यात त्याचं घर कुठे आहे?" ते विचारून बसले. नुसता प्रश्नच तर विचारला, उत्तर थोडंच दिलं, असं त्यांना खरंच वाटलं.

मुलीचं बोट रेघेवरून सरकू लागलं. "घर इथे, शून्यावर. मग हा लांब गेला. लांबच थांबला... अय्या, डोंगर नाहीच आहे! हा घरी परत आलाय!"

'शाब्बास' सरांनी ओठातच अडवलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मुलगी गेल्यावर मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. "सर, घराचा प्रश्न यादीत नव्हता."

"मी काही सांगितलं नाही हो."

"सगळं सांगितलंत. त्या प्रश्नातच शिकवणी होती." त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "बाहेर एक मुलगा थांबलाय. पुन्हा करून बघता? मला तुमच्यासारखं माणूस हवंय. पण तो चुकला, तर तसाच परत पाठवायचा."

सरांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. रोज मुलं! आणखी काय हवं होतं?

"आणि नंतर त्यांना कोणी सांगतं?"

"शाळेत कळेल कधीतरी. आपल्या कामात ते बसत नाही."

"तुमचं चूक नाही," सर म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "आम्ही कधी ऐकून घेतलं नाही, म्हणून तुम्हाला हे करावं लागतंय. पण माझ्याच्याने नाही व्हायचं. दाराशी आलेल्याला आत ये म्हटल्याशिवाय राहवत नाही मला."

बाहेरच्या बाकावर तो मुलगा पाय हलवत बसला होता. सर त्याच्याकडे न बघता पुढे गेले.

जिन्यात खालून आवाज येत होता. "अगं आई, वर नाही गेला, लांब गेला!"

"बरं बाई, लांब गेला. आधी नाडी बांध, पडशील."

सर एक मजला मागे राहिले. पाऊल हलकं टाकत उतरले, कारण बूट वाजला असता तर पुढचं ऐकू आलं नसतं. फाटकाशी आईने लेकीचं मनगट घट्ट धरलं. दोघी रस्ता ओलांडू लागल्या. मुलगी मोकळ्या हाताने हवेत रेघ काढून काहीतरी सांगत होती, पण वाहनांच्या आवाजात ते बुडून गेलं.

त्या दिसेनाशा होईपर्यंत सर तिथेच उभे होते. मग आणखी जरा वेळ, नुसतेच.